कोरी सीडी घेण्यापूर्वी

सबमिशनचे दिवस जवळ आले की आपल्या हॉस्टेलमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "कोणाकडे सीडी आहे का गं?" वर्षभर ज्या वस्तूचं कोणी नाव काढत नाही, तिला दोन दिवस सोन्याचा भाव येतो. गाणी फोनमध्ये, पिक्चर फोनमध्ये, नोट्स ग्रुपवर. पण प्रोजेक्ट रिपोर्टच्या मागच्या पुठ्ठ्याला पाकीट चिकटवून त्यात सीडी घालायची, ही पद्धत आपल्याकडे अजून सुरू आहे. ती असावी की नसावी हा वाद मोठ्यांनी घालावा. आपल्याला तोपर्यंत सीडी घ्यायची आहे, आणि ती परीक्षकांसमोर उघडली पाहिजे.

(कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'कोरा' म्हटलं की फक्त कोरा चहा माहीत होता. 'ब्लँक सीडी'ला कोरी सीडी म्हणतात हे मला बजाज चौकातल्या दुकानदारकाकांनी शिकवलं. शब्द फार आवडला, म्हणून लेखभर तोच वापरणार आहे.)

दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, "केवढ्याला?" काका म्हणतात, "ताई, कोणतीही घ्या न, सगळ्या सारख्याच असतात." माझं म्हणणं असं आहे की भावाचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, की ही चकती शेवटी कोणत्या मशीनमध्ये जाणार? ते मशीन ठरलं की चकती आपोआप ठरते.

मागच्या वर्षी सीनियर्सच्या एका ग्रुपने रिपोर्ट, कोड आणि डेमोचा व्हिडिओ असं सगळं डीव्हीडीवर दिलं. त्यांच्या लॅपटॉपला लावलेल्या ड्राइव्हमध्ये ती छान चालत होती. व्हायवाच्या खोलीतल्या जुन्या पीसीला मात्र फक्त सीडी वाचणारा ड्राइव्ह होता. चकती आत गेली, घुं घुं आवाज आला आणि बाहेर आली. परीक्षक चांगले होते म्हणून पेनड्राइव्हवर निभावलं.

आता हे का होतं ते बघू, कारण आपण इंजिनिअर आहोत (किंवा होणार आहोत, केटी सुटल्या तर!). सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही चकत्या दिसायला बहिणी. व्यास १२ सेंटीमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. फरक आहे तो लेझरचा. सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल आणि ब्लू-रेला ४०५ चा जांभळट निळा. तरंगलांबी जेवढी कमी तेवढा प्रकाशाचा ठिपका बारीक, आणि तेवढ्या ओळी जवळजवळ लिहिता येतात. सीडीवर दोन ओळींमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं, डीव्हीडीवर ०.७४. म्हणून सीडीत ७०० एमबी मावतात आणि डीव्हीडीत ४.७ जीबी. मोठ्या ड्राइव्हला लहान चकती वाचता येते, उलट होत नाही. सीडीच्या ड्राइव्हकडे लाल लेझरच नाही, तो बिचारा काय करणार?

४.७ जीबी हा आकडाही जरा समजून घ्या. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यामुळे त्याच डीव्हीडीत कॉम्प्युटरच्या हिशोबाने ४.३८ जीबीच मावतात. ४.५ जीबीचा फोल्डर घेऊन रात्री बारा वाजता दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही.

रिपोर्टसाठी माझं उत्तर साधं आहे. साधी सीडी-आर घ्या, ७०० एमबीची. रिपोर्टची पीडीएफ, पीपीटी आणि कोड आरामात बसतो. डेमोचा व्हिडिओ मोठा असेल तर तो लहान करा, चकती मोठी करू नका. सीडी-आर जवळजवळ प्रत्येक ड्राइव्ह वाचतो, अगदी वीस वर्षांपूर्वीचाही.

सीडी-आरडब्ल्यू घेऊन फायदा होईल असं पुष्कळांना वाटतं, कारण ती पुसून परत लिहिता येते. पण तिची रचनाच वेगळी आहे. सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने तो ठिपक्याठिपक्याने कायमचा बदलतो. आरडब्ल्यूमध्ये चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो, तो तापवून कधी स्फटिकरूप तर कधी अस्फटिक करता येतो. गंमत छान आहे, पण हा थर प्रकाश खूप कमी परत पाठवतो, साधारण १५ ते २५ टक्के. सीडी-आर ६५ टक्क्यांच्या वर पाठवते. जुन्या ड्राइव्हचा डोळा एवढ्या मंद प्रकाशात अडखळतो. शिवाय जी चकती सहज पुसता येते ती रिपोर्टला लावायचीच कशाला?

डीव्हीडीमध्ये 'मायनस आर' आणि 'प्लस आर' हे दोन घराण्यांचं भांडण आहे. मायनस आर १९९७ साली पायोनियरने आणली. प्लस आर २००२ मध्ये आली, तिच्यामागे फिलिप्स आणि सोनी वगैरे मंडळी होती. आज आपल्याकडे असलेले बहुतेक ड्राइव्ह दोन्ही वाचतात आणि दोन्ही लिहितात, त्यामुळे कॉम्प्युटरसाठी फार डोकं लावू नका, स्वस्त मिळेल ती घ्या. टीव्हीखालचा जुना प्लेयर असेल तर मात्र मायनस आर बरी.

आणि प्लेयरचा विषय निघालाच आहे तर गॅदरिंगच्या व्हिडिओचं सांगते. माझ्या मैत्रिणीचे आजोबा आर्वीकडे राहतात. त्यांना नातीचा डान्स मोबाईलवर नको, टीव्हीवर बघायचा होता. घरी जुना डीव्हीडी प्लेयर. हिने फोनमधली एमपी-फोर फाइल तशीच डीव्हीडीवर टाकून नेली. प्लेयर म्हणाला, "नो डिस्क." फाइल कॉपी करणं आणि डीव्हीडी-व्हिडिओ बनवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या प्लेयरला एमपीईजी-२ मध्ये बदललेला व्हिडिओ लागतो, आणि तोही 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या पद्धतीने मांडलेला. डीव्हीडी स्टायलरसारखं फुकट सॉफ्टवेअर हे करून देतं. आपल्याकडे 'पाल' पद्धत आहे, तीच निवडा. दिवाळीत तिने दुसरी चकती बनवून नेली, आणि आजोबांनी तो डान्स म्हणे शेजाऱ्यांनाही दाखवला.

आता लिहिण्याकडे येऊ. विंडोजमध्ये कोरी चकती टाकली की तो विचारतो, ही पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? पहिला पर्याय बघायला सोपा वाटतो, आणि तिथेच लोक फसतात. त्या पद्धतीने लिहिलेली चकती जुने प्लेयर आणि पुष्कळशी जुनी मशीन ओळखत नाहीत. दुसऱ्याच्या हातात द्यायची चकती नेहमी दुसऱ्या पर्यायाने लिहा. वेगळं सॉफ्टवेअर हवं असेल तर विंडोजवर इम्गबर्न आणि लिनक्सवर के-थ्री-बी किंवा ब्रासेरो आहे, तिन्ही फुकट. इम्गबर्नमध्ये 'व्हेरिफाय'वर टिक ठेवा. लिहून झाल्यावर तो सगळं परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघतो. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या. चकती 'फायनलाइज' किंवा 'क्लोज' करायला विसरू नका, नाहीतर ती फक्त तुमच्याच ड्राइव्हशी बोलेल. वेग पाकिटावर ५२ एक्स लिहिला असला तरी मी १६ वर लिहिते. (सीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. डीव्हीडीचा १ एक्स त्याच्या नऊपट.) फाइलची नावं लहान आणि सरळ ठेवा. 'फायनल रिपोर्ट न्यू लेटेस्ट करेक्टेड खरंच फायनल' असं नाव ६४ अक्षरांच्या पुढे गेलं की जोलिएट पद्धतीत ते कापलं जातं.

आता भावाकडे वळते, कारण काहीजण फक्त त्यासाठीच वाचत असतील. सुटी सीडी सगळ्यात महाग पडते. समजा सुटी २५ रुपयांना आणि ५० चं बंडल ७५० ला, म्हणजे बंडलमध्ये नग १५ ला. आमच्या वर्गात १४ ग्रुप आहेत आणि प्रत्येकाला ३ प्रती लागतात, म्हणजे ४२. एका बंडलमध्ये सगळा वर्ग उरकतो आणि ८ उरतात, त्या वाया जाणाऱ्यांसाठी. कागदी पाकिटं वेगळी घ्यावी लागतात हे विसरू नका, आणि ऑनलाइन मागवलं तर पाठवणीचा खर्च मिळवूनच भागाकार करा. नागपूरला सीताबर्डीत स्वस्त मिळतं हे खरं आहे, पण फक्त तेवढ्यासाठी गाडीत बसलात तर वाचलेले पैसे तिकिटात आणि समोशात जातात. कोणी घरी जाऊन येत असेल त्याला सांगा.

बंडल उचलण्याआधी त्याच मालाची एक सुटी चकती घेऊन लिहून, व्हेरिफाय करून आणि लॅबच्या पीसीत लावून बघा. इम्गबर्न चकतीचा 'मीडिया आयडी'ही दाखवतो, म्हणजे ती खरी कोणत्या कारखान्याची आहे ते. पाकिटावरचा ब्रँड आणि आतला कारखाना पुष्कळदा वेगळा असतो. दोन ब्रँडच्या आत एकच माल असेल तर स्वस्त पाकीट घ्यायला हरकत नाही.

फार स्वस्त जुना साठा मिळाला तर मात्र सावध. आपल्याकडे कोरी सीडी म्हटलं की लोकांना मोझर बेअर आठवते. दीपक पुरी यांची ही कंपनी १९८३ साली दिल्लीत कामगारांच्या हजेरीची घड्याळं बनवत सुरू झाली. १९८८ मध्ये फ्लॉपीकडे वळली, १९९९ मध्ये कोऱ्या चकत्यांकडे, आणि बघता बघता जगातल्या मोठ्या उत्पादकांत गेली. २००७ च्या सुमारास तिने पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून बाजार हलवला होता. पुढे पेनड्राइव्ह आले, इंटरनेट आलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली. त्यामुळे आज कोणी त्या काळचं सीलबंद बंडल "एकदम ओरिजिनल" म्हणून दिलं, तर ते ओरिजिनल असेलही, पण वयस्करही असेल. न लिहिलेल्या चकतीचं रंगद्रव्यसुद्धा म्हातारं होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत कोऱ्या चकतीचं आयुष्य सावधपणे ५ ते १० वर्षं धरलं आहे. सील म्हणजे फ्रीज नव्हे.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. खिडकीत, कुलरच्या ओल्या जाळीजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली चकती टिकेल अशी अपेक्षा करू नका. उभी ठेवा, कपाटात, अंधारात. सीडीची खालची चकचकीत बाजू आपण जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने रोल नंबर कोरतो, हे बरोबर उलटं आहे. सीडीत माहितीचा थर वरच्या छापील बाजूच्या अगदी खाली असतो, त्यावर फक्त लाखेचं पातळ आवरण. तिथे ओरखडा गेला की संपलं. खालचे बारीक ओरखडे पॉलिशने जातातही. डीव्हीडीत हा थर मधोमध असतो, म्हणून ती वरून थोडी जास्त सोसते. पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर वापरा आणि मधल्या पारदर्शक गोलात लिहिलंत तर उत्तमच. डीव्हीडीवर स्टिकर नको, तोल जातो.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती मार्कांपेक्षा मोठी आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आई-बाबांच्या सीटी स्कॅनची किंवा एमआरआयची सीडी असेल. माझ्या मावशीची होती. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला नागपूरला गेलो तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरला ड्राइव्हच नव्हता, आणि मावसभावाने घरून फक्त दोन जेपीजी चित्रं पेनड्राइव्हवर आणली होती. डॉक्टरांना पूर्ण मालिका हवी होती. अशा सीडीतल्या फाइल्स डायकॉम प्रकारच्या असतात, पुष्कळदा त्यांना एक्स्टेन्शनही नसतं, त्यामुळे त्या रिकाम्या किंवा बिघडलेल्या वाटतात. त्यातलं काहीही वगळू नका. 'डायकॉमडीआयआर' नावाच्या फाइलसकट आख्खी सीडी, सगळ्या फोल्डरांसह, एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. दोन ठिकाणी ठेवा. सुट्टीत घरी गेलात की हे एक काम कराच, आणि सीडी उघडत असतानाच करा.

ब्लू-रेबद्दल कोणी विचारलं तर रिपोर्टसाठी तिचा उपयोग नाही, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे बनवणं थांबवलं. कोऱ्या सीडी-डीव्हीडीही पूर्वीसारख्या प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात दिसत नाहीत. म्हणून बंडल सबमिशनच्या आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी सांगून ठेवा.

मुलींच्या हॉस्टेलमध्ये सध्या एकच चालू यूएसबी डीव्हीडी रायटर आहे, तो आमच्या खोलीत. कधीही मागा, रात्री अकराच्या आधी. मागच्या पोर्टला लावा, पुढच्या पोर्टला त्याला वीज पुरत नाही आणि चकती अर्ध्यात वाया जाते. आणि केबल परत आणून द्या. दोन गेल्या आहेत.