स्फटिकातील पाणी

इतिहासाच्या शिक्षकाने रसायनशास्त्राचा पाठ लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु पुरावा तपासल्यावाचून विधान स्वीकारू नये, ही शिस्त दोन्ही विषयांत एकच आहे. आणि ती शिकविण्यास मोरचुदाच्या खड्याइतके सोपे साधन मला दुसरे आढळलेले नाही.

मोरचुदाचा निळा खडा हाताला कोरडा लागतो. परीक्षानळीत तो तापविला की नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि खड्याची पांढरी भुकटी होते. (नळीचे तोंड किंचित खाली झुकते ठेवावे, नाहीतर उलट ओघळणाऱ्या थेंबांनी तापलेली काच तडकते.) भुकटी निवल्यावर तिच्यावर दोन थेंब पाणी टाकावे. निळा रंग परततो आणि नळी तापते: पाणी बाहेर काढण्यास लागलेली उष्णता ते आत शिरताना परत मिळते.

हे पाणी म्हणजे दमट हवेची ओल नव्हे. ओल कमी-अधिक असते. स्फटिकजलाचे प्रमाण ठरलेले असते. कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू, म्हणजे 100 ग्रॅम मोरचुदात सुमारे 36 ग्रॅम पाणी. तुरटीत बारा रेणू, जिप्सममध्ये दोन.

धुण्याच्या सोड्यात दहा. त्याच्या 1 किलो खड्यांत जवळजवळ 630 ग्रॅम पाणीच असते, हे घर चालविणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे. कोरड्या हवेत उघडे राहिलेले हे खडे नऊ रेणू गमावून पिठासारखे होतात. ग्राहकाला माल खराब झालासा वाटतो. वस्तुतः अशा 1 किलो पिठात 850 ग्रॅमच्या आसपास सोडा असतो. द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणासाठी 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद सांगतात, तोही निळाच. त्यात तांबे सुमारे 250 ग्रॅम. तितक्याच पांढऱ्या भुकटीत ते 400 ग्रॅमपर्यंत जाते आणि चुन्याशी बसविलेले प्रमाण बिघडते.

जिप्सम सुमारे 150 अंश सेल्सिअसला भाजले असता त्यातील तीन-चतुर्थांश पाणी जाते व प्लास्टर ऑफ पॅरिस मिळते. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरील खाणींमुळे हे नाव पडले. इजिप्तच्या पिरॅमिडांतील दगडही भाजलेल्या जिप्समच्या गाऱ्यात बसविलेले आहेत. पाणी घालताच हे प्लास्टर गमावलेले रेणू पुन्हा घेते, त्याचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि ते घट्ट होते. मोडलेल्या पायावर प्लास्टर चढविले असता काही मिनिटांत जी ऊब जाणवते, ती या परतणाऱ्या पाण्याचीच.