म्हाइंभटांची वाट आणि एका संशोधिकेचा अभ्यास

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर म्हाइंभटांनी ऋद्धिपुरी लीळा संकलित केल्या, हे उपदेशी जनांस विदित आहे. परंतु त्यांची रीती आपण क्वचितच चिंतनात आणतो. श्रीनागदेवाचार्यांकडून त्यांनी लीळा ऐकल्या. ज्याच्या संबंधात जी लीळा घडली, त्याच्याकडे जाऊन विचारणा केली. भक्तांच्या कथनांत जेथे भेद पडला, तेथे लीळाचरित्रात भिन्न पाठ त्या त्या नावाने राखले गेले. एक ठेवून दुसरे पुसले गेले नाही.

ज्याने पाहिले त्याला विचारावे, आणि भेद लपवू नये, हे दोन नियम धर्मेतिहासाच्या आधुनिक अभ्यासकांसही बंधनकारक आहेत. त्याचे उदाहरण म्हणून डॉ. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीच्या कार्याचा विचार येथे करू.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी सूत्रपाठावर प्रबंध लिहिला. पुढे अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. सूत्रपाठावरील त्यांचा ग्रंथ १९८३ साली, तर श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचा अनुवाद १९८४ साली प्रसिद्ध झाला. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या सहकार्याने स्मृतिस्थळाचा अनुवाद १९९२ साली निघाला. या उभयतांचा प्राचीन मराठीचा शब्दकोश १९९९ साली प्रकाशित झाला. तत्पूर्वीच, १९९४ मध्ये, तुळपुळे निवर्तले होते.

येथवर अभ्यास पोथीचा झाला. परंतु पोथीतील गावे, नद्या, देवळे आजही उभी आहेत आणि तेथे माणसे येतात. म्हणून त्या मानववंशशास्त्राच्या रीतीने यात्रांतून हिंडल्या, लोकांशी मराठीत बोलल्या. महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थावर १९९५ साली, आणि यात्रा व प्रदेशभावनेवर २००३ साली त्यांचे ग्रंथ आले. जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर १९९२ साली निवर्तले. त्यांच्या संग्रहातील बिरोबा व धुळोबा यांच्या धनगरी ओव्या सहकाऱ्यांसह अनुवादून त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केल्या.

येथे साधकाच्या मनी शंका उद्भवते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत देवता मोक्ष देऊ शकत नाही, हा आपला सिद्धांत. मग नदीदेवतांच्या आणि बिरोबाच्या अभ्यासाशी आपल्याला काय कर्तव्य?

उत्तर असे की, वर्णन म्हणजे उपासना नव्हे. शिवाय स्वामींचे वास्तव्य ठिकठिकाणी देवळांतून, मठांतून झाले. लीळांत गुराखी येतात, शेतकरी येतात, यात्रेकरू येतात. तो लोकव्यवहार न जाणता लीळेचा अर्थ पुरता उमगत नाही. आणि या तुलनेतूनच आपल्या स्थानवंदनाचा विशेष उजळतो. अन्यत्र नदी अथवा डोंगर स्वतःच्या माहात्म्याने पवित्र मानला जातो. आपण ओट्यासमोर नतमस्तक होतो ते परमेश्वराच्या संबंधामुळे. त्यांच्या यात्राविषयक ग्रंथात हा स्मरणाचा भाग स्वतंत्रपणे विचारात घेतला आहे. स्थानपोथीत दिशा आणि अंतर यांची एवढी काटेकोर नोंद का, याचेही कारण हेच. स्थान चुकले तर स्मरण चुकते.

अनेक वर्षांच्या या भ्रमणानंतर त्या पुन्हा लीळाचरित्राकडे वळल्या. मूळ मराठी आणि इंग्रजी अनुवाद समोरासमोर ठेवणाऱ्या आवृत्तीचा पहिला खंड २०२४ साली प्रसिद्ध झाला. पोथीपासून लोकांकडे आणि लोकांकडून पोथीकडे, असा हा क्रम आहे.

अर्थात विद्येला तिची मर्यादा आहे. संशोधक पाठ शोधील, शब्दाचा अर्थ लावील, स्थानाची ओळख पटवील. अनुसरण मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे. परंतु जतनाचे कर्तव्य आपलेच आहे. खलशांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली आणि ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्या मुखातून ती पुन्हा सिद्ध झाली, असे परंपरा सांगते. ती स्मरणे त्या वेळी विचारली गेली नसती तर आज आपल्या हाती काय उरले असते?

आजही वृद्ध महंतांच्या, तपस्विनींच्या आणि वासनिकांच्या मुखी स्थानांची माहिती आहे. मठांतून सकळ लिपीतील पोथ्या आहेत. त्या उन्हापाण्यापासून व वाळवीपासून राखाव्यात. जे ऐकले ते सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवावे. दोन कथने भिन्न असतील तर दोन्ही लिहावीत. परदेशातून आलेली अभ्यासक जे आयुष्यभर करते, ते आपण आपल्या गावापुरते तरी करावे. ही वाट मुळात म्हाइंभटांची आहे.

दंडवत प्रणाम.