लोणारच्या सहलीची तयारी

मुलांनो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुम्ही पाहिले आहे का? उल्का आदळून काळ्या खडकात हा खड्डा पडला. त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'तही लोणारचा उल्लेख आहे. साबण व काच करण्याचे साहित्य इथे मिळते, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे पाणी किती खारे असेल! ते पिता येत नाही, म्हणून बाटली भरून घ्या. सकाळीच निघा. उतरणे सोपे, उन्हात चढताना मात्र दम लागतो. 2020 च्या जूनमध्ये पाणी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले होते. तसे तुम्हाला दिसेलच असे नाही. खाऊचे कागद पिशवीत घालून परत आणा. या सरोवरातून एकही ओढा बाहेर वाहत नाही. आत पडलेले आतच राहते.