कडुनिंबाचा अर्क आणि सुती कापड

प्रश्न : कडुनिंबाच्या अर्कात बुडवलेल्या सुती कापडाभोवती जिवाणू वाढवलेल्या प्लेटमध्ये स्वच्छ वलय आलं. कापड जंतुरोधक ठरलं का? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अजून नाही. वलय एवढंच सांगतं की अर्क कापडातून झिरपतोय. म्हणजे तो धुण्यातही जाईल. अर्क इथेनॉलमध्ये काढला असेल, तर नुसत्या इथेनॉलमध्ये बुडवून वाळवलेला तुकडा तुलनेला ठेवला होता का? पुष्कळजण विसरतात. आता कापडावरचे जिवाणू मोजण्याच्या ‘एएटीसीसी १००’ पद्धतीने स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि क्लेबसिएला न्यूमोनिई हे जिवाणू २४ तासांत किती घटतात ते मोजा, कापड धुण्याआधी आणि धुतल्यावरही. धुतल्यावर घटीचा आकडा कोसळला, तर डाळिंबाची साल वापरून पाहा. तिच्यातलं टॅनिन तुरटीच्या मदतीने सुताला धरून राहतं. वसमतची हळद हाताशी आहे खरी, पण तिचा रंग उन्हात उडतो. चाचणीबाबत नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटा.