जुळ्या बाळांची झोप आणि पाळणा

शेलूबाजारच्या वस्तीतून एका आजींनी विचारले आहे: सुनेला जुळी झाली, दीड महिना झाला. दोघेही मांडीवर झोपतात, पाळण्यात टाकले की रडतात. एक निजला की दुसरा उठतो. सून भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेते. काय करावे?

आजी, आधी त्या डुलकीबद्दल बोलू. बाळ छातीशी धरून बसलेल्या थकल्या आईचा डोळा लागला, की हात सैल पडतो. बाळ घसरते किंवा त्याचे नाक पदरात दबते. मांडीची सवय मोडायची ती यासाठी. बाळ लाडावले म्हणून नव्हे. दीड महिन्याचे बाळ लाडावत नाही.

आता बाळाच्या झोपेची रीत समजून घ्या. नवजात बाळ दिवसरात्र मिळून साधारण 14 ते 17 तास झोपते, पण तुकड्यातुकड्याने. पोट लहान असते म्हणून दोन-तीन तासांनी भूक लागते. दिवस कोणता, रात्र कोणती हे त्याला दोन-तीन महिन्यांपर्यंत नीट कळत नाही. शिवाय त्याची जवळपास अर्धी झोप हलकी असते. त्या झोपेत बाळ कण्हते, तोंड वाकडे करते, हातपाय झाडते. घरातले कोणीतरी धावत येऊन उचलते आणि झोपलेले बाळ खरोखर जागे होते. म्हणून आवाज आला तरी मिनिट-दोन मिनिटे नुसते बघत थांबा. बऱ्याचदा ते आपोआप पुन्हा शांत होते. जुळ्यांच्या घरात एवढ्यानेच निम्मी धावपळ कमी होते.

पण त्याआधी दोघांचे वजन विचारा. निम्म्याहून जास्त जुळी दिवस भरण्याआधी, म्हणजे 37 आठवड्यांच्या आत जन्मतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली जागा आईची उघडी छाती. ही कांगारू माता पद्धत 1978 च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना आता अशा बाळांना दिवसाचे 8 ते 24 तास असे ठेवायला सांगते. एक बाळ आईच्या छातीशी, दुसरे आजीच्या किंवा बापाच्या. बापाच्या छातीलाही ऊब असतेच. मात्र बाळ कापडाने नीट बांधलेले, मान सरळ, आणि धरणारा माणूस मागे टेकलेला व जागा हवा. अशी बाळे दूध मागायला स्वतः उठत नाहीत, त्यांना दोन-तीन तासांनी उठवून पाजावे लागते. आणि बाळ लवकर जन्मले असेल तर आठवडे मोजताना डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. दीड महिन्याचे बाळ मग कदाचित पंधरा दिवसांचेच ठरेल, आणि त्याच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवायची.

जागेचे म्हणाल तर आपली घरे दहा बाय दहाची, दोन पाळणे आणणार कुठून? नामकरणाला पाळणा सजतो, गाणी होतात, आणि आठ दिवसांत त्यावर कपडे वाळत पडतात हेही आम्हाला माहीत आहे. दोन पाळणे नसले तरी चालेल, दोन वेगळ्या जागा मात्र हव्यात. पोटात एकत्र होते म्हणून एकाच पाळण्यात निजवू नका. एकाचा हात किंवा दुपटे दुसऱ्याच्या नाकावर येते. फिनलंडमध्ये 1938 पासून गरीब मातांना सरकार बाळंतपणाची पेटी देत आले, 1949 पासून ती सर्वांनाच मिळू लागली. आत कपडे आणि छोटी गादी. कित्येक बाळे त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच झोपली. आपल्याकडेही मजबूत, कोरडे, बिनझाकणाचे खोके आईच्या हाताच्या अंतरावर जमिनीवर ठेवता येते. तळ सपाट व टणक, त्यावर आईच्या जुन्या सुती लुगड्याचे अंथरूण घट्ट खोचलेले. वरून मच्छरदाणी ताणून लावा, म्हणजे डास, मुंग्या, विंचू यांपासूनही राखण होते. पाळणा लाकडी वा लोखंडी असेल तर गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा मोठी नको.

झोळीबद्दल अनेक आज्यांना राग येईल, तरी सांगतो. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लहानग्याचा श्वास कोंडतो. दोघांना एका झोळीत तर कधीच नाही. रात्रभराची झोप सपाट जागेवर, उताणी. पाश्चात्य देशांत 1990 नंतर बाळांना उताणे निजवायची मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून कमी झाली. राईची उशी, मऊ गोधडी, गळ्यातला काळा धागा, पाळण्यातली खेळणी सगळे बाजूला.

आता शिकवायचे कसे? दिवसा दार उघडे, उजेड आत, घरातले बोलणे चालू. शेलूबाजारच्या रस्त्यावरचे ट्रकचे हॉर्न बाळांना आपल्याइतके बाधत नाहीत. रात्री मंद दिवा, टीव्ही बंद, गप्पा बंद. एक जण दुधासाठी उठला की त्याला पाजून दुसऱ्यालाही उठवून पाजा, म्हणजे दोघांचे घड्याळ हळूहळू जुळते. ढेकर काढा. डोळे जड झाले पण पुरते मिटले नाहीत, तेव्हा खाली ठेवा: आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोके. हात लगेच काढू नका, छातीवर दोन मिनिटे राहू द्या. रडले तर न उचलता थोपटा. तरीही रडले तर उचला, शांत करा, पुन्हा ठेवा. या वयात रडत सोडून द्यायचे नाही. सुरुवात दिवसातून एकाच झोपेपासून, रात्रीच्या पहिल्या झोपेपासून करा. पाच दिवसांत जमेल असे नाही, दोन-तीन आठवडेही लागतात. पाळणा शांत करायला हलवा, शांत झाला की थांबवा, आणि दोरी चार वर्षांच्या भावंडाच्या हाती देऊ नका. बाळ कुशीवर वळू लागले की टांगता पाळणा आणि उथळ खोके दोन्ही बंद.

उन्हाळ्यात टिनाखाली कुंची, टोपडे, दोन दुपटी असे गुंडाळले तर बाळ तापते. मान घामेजली असेल तर कपडा कमी करा. बंद खोलीत शेगडी व धुरी अजिबात नको.

आईला सलग चार तास झोप मिळालीच पाहिजे. त्या वेळी बाळे बाप किंवा आजीने सांभाळावीत, आईने उठायचे ते फक्त पाजायला. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली, ती कामगार स्त्रीच्या विश्रांतीसाठीच. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या आपल्या बाईला तो कायदा अजून फारसा पोचत नाही, पण घर तरी पोचू शकते.

आशाताईला घरी बोलवा. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बाळमृत्यू खूप घटले. 1999 मध्ये ते जगापुढे आले, 2011 पासून आशांमार्फत देशभर गेले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. प्रत्येक भेटीत दोघांचे वजन वेगवेगळे करायला सांगा.

आणि एक ओळखून ठेवा. दिवसभर गप्प झोपणारे बाळ शहाणे असतेच असे नाही. उठवूनही दूध ओढत नाही, हातपाय गार पडलेत किंवा अंग तापले आहे, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे, झटके, यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. 108 किंवा 102 ला फोन लावा. बाळाला छातीशी धरून न्या आणि दुसऱ्यालाही सोबत घ्या, त्यालाही तपासून घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, औषधे आणि गाडी मोफत आहे. पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.