पाइपला बर्फाचं बूच

आमच्या आष्टीत (बीडची नव्हे, परतूर तालुक्यातली) पाण्याची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पाइप गळायला लागला आणि जवळ व्हॉल्व्ह नसला, की अख्खी लाइन रिकामी करायची, हे जिवावर येतं. मित्रहो, त्यावर एक भन्नाट उपाय आहे. पाइपमधल्या पाण्याचंच बूच करायचं!

पाइपभोवती जॅकेट बसवून त्यात उणे 196 अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन सोडतात. (जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचा कॅन पाहिलाय ना? त्यात हाच असतो.) बर्फ आधी पाइपच्या आतल्या बाजूला धरतो आणि कडेकडून मध्याकडे वाढत जातो.

मी हिशेब करून पाहिला. 100 मिमी व्यासाच्या पाइपात 200 मिमी लांब बूच म्हणजे जेमतेम 1.6 किलो पाणी. ते 25 अंशांवरून गोठवायला साधारण 690 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो नायट्रोजन उकळताना सुमारे 199 किलोज्यूल शोषतो, म्हणजे साडेतीन किलोत काम झालं. पण हे कागदावर! पाइपही गार करायचा, शिवाय काम संपेपर्यंत बूच टिकवायचं. त्यामुळे प्रत्यक्षात बराच जास्त लागतो.

पाणी मात्र स्थिर हवं. वाहतं पाणी सतत उष्णता आणतं, बूच धरतच नाही. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, त्याला सरकायला जागा नसेल तर पाइपच फुटायचा. साधं स्टील इतक्या थंडीत ठिसूळ होतं, तिथे हातोडा चालवायचा नाही. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे खड्ड्यातलं काम. एक लिटर द्रवाचा जवळजवळ 700 लिटर वायू होतो आणि ऑक्सिजनला हुसकावतो. ना वास, ना रंग. माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते.

तारापूरच्या 3 आणि 4 नंबरच्या अणुभट्ट्यांसारख्या जड पाण्याच्या भट्ट्यांत ही पद्धत शोभते. तिथे एकेका भट्टीत 392 वाहिन्या, पण प्रत्येकीला वेगळा व्हॉल्व्ह नाही. अशा भट्टीत एका वाहिनीचं काम काढलं, तर तिचे फीडर पाइप गोठवून ती वेगळी करता येते. जड पाणी तर 3.8 अंशांनाच गोठतं.

आणि आष्टीत? गावातल्या पीव्हीसी पाइपला ही थंडी सोसायची नाही, तडकेल. तिथे मी तरी स्लूस व्हॉल्व्हच मागेन, आणि ते वर्षातून दोनदा फिरवून बघायला एक माणूस.