उंच इमारती आणि रिकामा तळमजला

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत कमानिया गेट उभे आहे. मार्च १९३९ मध्ये शहराजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले आणि सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेल्या अवस्थेत त्याचे अध्यक्ष म्हणून तेथे आले. त्या अधिवेशनाचे स्मारक म्हणून हे प्रवेशद्वार उभारण्यात आले. जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात मोडत असत. त्या काळच्या जबलपुरात दुमजली-तिमजली घरांच्या रांगांमध्ये असे प्रवेशद्वार चांगलेच उंच भासत असणार. पुढे शहर वाढत गेले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या दहा लाखांच्या वर गेलेली दिसते. घरांच्या जागी चारमजली, पाचमजली आणि त्याहून उंच सदनिका आल्या, आणि कमानिया गेटची उंची नजरेत भरेनाशी झाली.

मध्यम आकाराच्या बहुतेक शहरांची कथा अशीच असते. आपल्या गावातील सर्वांत उंच इमारत कोणती, हा प्रश्न तेथील लोक कौतुकाने विचारतात आणि उत्तरादाखल मजल्यांची संख्या सांगतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हिक्टोरिया हे असेच एक शहर. उपनगरांसह त्याची वस्ती सुमारे चार लाख आहे. २०२० मध्ये तेथे पंचवीस मजल्यांची एक निवासी इमारत पूर्ण झाली, तेव्हा ती शहरातील सर्वांत उंच ठरली. मुंबईच्या मानाने ही उंची काहीच नव्हे. परंतु व्हिक्टोरियाजवळच्या समुद्रतळाखाली भूकवचाचे एक खंड दुसऱ्या खंडाखाली सरकत आहे, आणि इ.स. १७०० मध्ये त्या किनाऱ्यावर फार मोठा भूकंप होऊन गेला आहे. म्हणून तेथे इमारत किती उंच, या प्रश्नाबरोबरच ती हलत्या जमिनीवर कशी उभी राहील, हाही प्रश्न विचारावा लागतो. जबलपूरलाही हा प्रश्न विचारावा लागला. मात्र फार उशिरा.

२२ मे १९९७ ची पहाट

२२ मे १९९७ रोजी पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर थोड्याच वेळात, जबलपूर परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ५.८ इतकी होती. त्याचे मूळ नर्मदा आणि सोन या नद्यांच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या प्राचीन भ्रंशपट्ट्यात, सुमारे पस्तीस किलोमीटर खोलीवर होते. सुमारे चाळीस माणसे प्राणास मुकली आणि हजारो घरांची हानी झाली. चार वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले होते. त्या मानाने जबलपूरची प्राणहानी थोडी. तरीही स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने या भूकंपाला वेगळे महत्त्व आहे. आधुनिक पद्धतीने, काँक्रीटच्या सांगाड्यावर बांधलेल्या इमारती आपल्याकडे भूकंपात कशा वागतात, हे एका मोठ्या शहरात जवळून पाहण्याची संधी अभियंत्यांना येथे मिळाली.

एका वसाहतीतील दोन चारमजली इमारतींचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. दोन्ही शेजारी-शेजारी, जवळजवळ एकाच आराखड्याच्या. फरक इतकाच की, एकीच्या तळमजल्यावर दोन्ही बाजूंना घरे होती, तर दुसरीत एका बाजूचे घर न बांधता ती जागा वाहने ठेवण्यासाठी मोकळी सोडली होती. जमीन एक, भूकंप एक. पहिली इमारत जवळजवळ जशीच्या तशी राहिली. दुसरीच्या मोकळ्या बाजूचे खांब मात्र मोडकळीस आले. शहरातील अशाच आणखी एका इमारतीत वाहनतळाच्या खांबांवरील काँक्रीटचे कवच गळून पडले, आतील आडव्या कड्या तुटल्या आणि उभ्या सळया वाकल्या. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर भिंतींना किरकोळ तडे जाण्यापलीकडे फारसे काही झाले नव्हते.

असे का घडते?

भूकंपात इमारतीवर कोणी बाहेरून धक्का देत नाही. जमीन पायाखालून बाजूला सरकते, आणि इमारतीचे वजन मात्र आपल्या जागी राहू पाहते. उभ्या बसने एकदम वेग घेतला की उभा प्रवासी मागे झोकांडतो, तसाच हा प्रकार आहे. जमिनीलगतचा भाग पुढे गेलेला आणि वरचा भाग मागे राहिलेला, अशी ओढाताण सुरू होते. ही ओढ सर्व मजल्यांनी थोडीथोडी वाटून घेतली, तर कोणत्याही एका मजल्यावर फार ताण येत नाही.

वरच्या मजल्यांवर खोल्याखोल्यांच्या विटांच्या भिंती असतात. त्या खांब-तुळयांच्या चौकटी भरून काढतात, आणि तो भाग एखाद्या पेटीसारखा ताठ होतो. तळमजल्यावर भिंती नसल्या तर तेथे नुसते खांबच उरतात. मग वरची जड पेटी एकसंध हलते आणि सारी वाकण्याची क्रिया खालच्या खांबांच्या वाट्याला येते. बारीक पायांच्या टेबलावर धान्याची भरलेली कोठी ठेवून ते टेबल गदागदा हलविल्यास कोठीला काही होणार नाही. मोडतील ते पाय. मोकळी जागा एकाच बाजूला असेल तर इमारत पिळलीही जाते, आणि त्या बाजूच्या खांबांचे हाल अधिकच वाढतात.

येथे कोणी विचारील, कमानिया गेटसुद्धा खालून मोकळेच आहे, ते कसे उभे आहे? उत्तर त्याच्या आकारात आहे. कमान आपला भार दोन्ही बाजूंच्या पायांकडे नेते, आणि अशा द्वारांचे पाय मुळातच कमानीच्या हिशेबाने भक्कम बांधलेले असतात. शिवाय त्यांच्यावर चार मजल्यांचा संसार उभा नसतो. म्हणून नुसत्या मोकळेपणाला दोष देता येणार नाही. मोकळी जागा ठेवली, पण तिच्या हिशेबाने खांब बांधले नाहीत, हा खरा दोष होय.

उंची हाच शत्रू आहे काय?

उंच इमारत अधिक धोक्याची आणि बैठी इमारत सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. अनुभव त्याला पुष्टी देत नाही. किल्लारीची घरे बैठी होती. पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि धाब्याची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. उलट, मेक्सिको शहरातील १९५६ साली पूर्ण झालेली चव्वेचाळीस मजल्यांची इमारत १९८५ च्या भीषण भूकंपातून सहीसलामत सुटली. त्याच वेळी जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर उभ्या असलेल्या मध्यम उंचीच्या अनेक इमारती जमीनदोस्त झाल्या. प्रत्येक इमारतीचा हेलकाव्याचा स्वतःचा काळ असतो. चारमजली इमारतीचा तो साधारण अर्ध्या सेकंदाहून कमी असतो, आणि उंचीबरोबर तो वाढत जातो. जमिनीच्या हेलकाव्याचा काळ त्याच्याशी जुळला की इमारत अधिकाधिक झोके घेऊ लागते. म्हणून उंचीचा विचार जमिनीला सोडून करता येत नाही.

जबलपूरच्या मदनमहाल टेकडीवर ग्रॅनाइटची एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर अगदी थोड्या जागेत टेकलेली आहे. आता कोसळेल की मग, असे पाहणाऱ्याला वाटते. १९९७ च्या भूकंपानंतरही ती जागची हलली नाही. आणि आदल्या रात्रीपर्यंत ज्यांच्याविषयी कोणालाही शंका आली नव्हती, ते वाहनतळाचे खांब मात्र मोडले. वरवर दिसणारी स्थिरता किती फसवी असते, हे यावरून ध्यानात यावे.

धडा आणि त्याची किंमत

जबलपूरचा इशारा वेळेवर ऐकला गेला नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला आणि तेथून सव्वादोनशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत खुल्या तळमजल्याच्या शंभराहून अधिक इमारती कोसळल्या. त्यानंतर, २००२ मध्ये, भूकंपविषयक भारतीय मानकात सुधारणा झाली. खुल्या मजल्याचे खांब व तुळया नेहमीच्या हिशेबाने येणाऱ्या भूकंपबलाच्या अडीच पट बलासाठी योजाव्यात, किंवा तेथे काँक्रीटच्या भिंती द्याव्यात, असे त्यात सांगण्यात आले.

उपाय अवघड नाहीत. तळमजल्याच्या काही गाळ्यांत, दोन्ही दिशांना आणि समतोल राखून, वरच्या भिंती पायापर्यंत आणाव्यात. खांबांतील आडव्या कड्या जवळजवळ बसवाव्यात आणि त्यांची टोके काटकोनापेक्षा अधिक आत, गाभ्यात, वळवावीत. म्हणजे कवच गळाले तरी कडी उघडत नाही. जुन्या इमारतींच्या खांबांना नव्या सळ्या व काँक्रीटचे वेष्टन देता येते. यात दोन-चार वाहनांची जागा जाईल आणि काही खर्चही येईल. पण भूकंप वेळ सांगून येत नाही. किल्लारी आणि जबलपूर, दोन्ही ठिकाणी तो माणसे गाढ झोपेत असताना आला.

घर घेताना आपण खिडकीतून काय दिसते ते पाहतो, मजला कितवा ते विचारतो. त्यापूर्वी एकदा खाली उतरून वाहनतळात उभे राहावे, खांब मोजावेत, भिंती कोठे आहेत ते पाहावे आणि आराखडा करणाऱ्या अभियंत्याला त्याविषयी विचारावे. शहराची उंची वरच्या मजल्यावरून मोजली जात असली, तरी ती पेलली जाते तळमजल्यावरच.